कासवांच्या काठात पुरलेला कागद

मी आयुष्यात गाढवपणे पुष्कळ केलेत, पण एक असा आहे की तो मी टापटीप समजून केला. टोमॅटोचा मल्चिंग पेपर मी ओढ्याच्या काठात पुरला. एकदा नाही, दहा-बारा वर्षं, दर हंगामाला.

मल्चिंग पेपर म्हणजे वाफ्यावर अंथरायचं पातळ प्लास्टिक, वरून रुपेरी, खालून काळं. पीक निघालं की त्याच्या चिंध्या होतात. लोक त्या बांधावर पेटवून द्यायचे आणि धुरानं डोळे चुरचुरायचे. मी तेव्हा पन्नाशीच्या अलीकडची, वाडीतली पहिली दहावी पास सून. अक्कल आपल्याच घरी मुक्कामाला आहे, असा पक्का समज. म्हटलं, जाळायचं कशाला? गाडून टाकलं की कुणाला त्रास नाही. आमचं रान मुरमाड, मऊ माती काय ती ओढ्याच्या काठाला. ती जागा कासवांनी माझ्या आधी हेरली होती, अंडी घालायला. हे मला माहीत होतं. तरी खोरं चालवताना मी काय म्हणावं? “कासवांना बी गादी झाली!” आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. आज ती बाई समोर आली तर तिच्याच खोऱ्यानं तिला हाणीन.

बरं, कासवं माझी नावडती होती असंही नाही. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. तिथं आमच्या विहिरीत कासव होतं, आणि ते दिसलं नाही तर आई घागर बुडवायची नाही. लग्न होऊन जुन्नरकडे आले तेव्हा या ओढ्यातली कासवं बघूनच मी जरा रुळले. थंडीत माद्या काठावर यायच्या, मागच्या पायांनी खड्डा उकरून चार-पाच लांबट अंडी ठेवून जायच्या. उन्हाळ्यात लिंबाएवढी पिल्लं पाण्याकडे निघाली की मी कावळे हाकत बसायची. सासूबाई ओरडायच्या, “पोटची पोरं उन्हात, आन् हिला कासवांचा पुळका!”

पुढं पिल्लं कमी झाली, मग दिसेचनात. मी मुंगसाला शिव्या दिल्या, कावळ्यांना दिल्या. अंड्यांच्या जागांवर बाभळीच्या फांद्या रचल्या. अंडी कुणी खाल्ली नाहीत, पण फुटलीही नाहीत. एक उकरून फोडलं तर आत नुसतं वास मारणारं पाणी.

गेल्या थंडीत नात आपल्या कॉलेजातल्या मॅडमना घेऊन आली. ती पुण्याला प्राणिशास्त्र शिकते. वनखात्याची परवानगी काढून दोघींनी तीन दिवसांत सात कासवं धरली, शेपट्या बघितल्या, पोटाची कवचं बघितली आणि सोडून दिली. सातही माद्या.

“म्हणजे निव्वळ महिला मंडळ?” मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

मॅडमनी काठ उकरला. वीतभर खाली माझा पेपर निघाला.

“आजी, या कासवांचं नर की मादी हे अंड्यातच ठरतं, मातीच्या उबेवर,” त्या म्हणाल्या. “प्लास्टिकमधली काही रसायनं अंड्यात शिरली तर मादीच्या संप्रेरकासारखी वागतात. नर व्हायचं पिल्लू मादी होतं, नाहीतर धड काहीच होत नाही.”

“मग हे माझ्यामुळंच झालं?”

“एका ओढ्यावरून तसं छातीठोक नाही सांगता येत. फवारणीची औषधं आहेत, ऊन वाढलंय. पण हा कागद इथं नको होता.”

त्या मला सांभाळून बोलत होत्या, हे न कळण्याइतकी मी आता दहावी पास राहिलेली नाही.

त्या गेल्यावर मी रोज काठ उकरायला बसले. पेपर ओढला की तो हातातच तुटायचा. वर आला त्यापेक्षा जास्त चुरा होऊन मातीत मिसळला. वाळूची चाळण आणली, तर तिच्या भोकांतूनही तो काळा चुरा मातीबरोबर खाली पडायचा. चौथ्या दिवशी कंबर धरून बसले असताना एक मादी पाण्यातून वर आली आणि थेट त्याच जागेवर पाय रोवून उकरू लागली. तिचं ते निवांत उकरणं मला बघवेना. मी काठीनं तिला वळवलं. ती पुन्हा आली, मी पुन्हा वळवलं. शेवटी उचलून पदरात घेतली आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या काठाला निघाले. निदान तिथली माती तरी कोरी असेल, असं मनाशी धरून.

पलीकडचं रान धाकट्या चुलत जावेचं. ती भेंडी तोडत होती. माझ्या पदराकडं बघून तिनं मला काठावरच थांबवलं आणि म्हणाली, “बाई, तिला हिकडं कुठं आणताय? हितं बी समदा पेपरच पुरलाय. तुमचं बघूनच आमी जाळायचं सोडलं, आन् लई शानी बाई म्हणून तुमचं नाव घ्यायचो.”