बेचाळिसावा रुमाल

गुरुवार, २१ जानेवारी १९९९. सकाळी साडेदहा, महाडचा सावित्रीकाठ. हजर: मी, माझा भाऊ, कोर्टातले अकरा वकील, दोन माजी सभापती, आमच्या आळीतली बहुतेक घरं, पोलादपूरहून एसटीने आलेले आठ जण आणि बिरवाडीच्या कारखान्यातली पाळी सोडून आलेला दगडू. माझे मामा, अनंतराव वकील, पहाटे गेले होते. वय पंच्याऐंशी. ही हजेरी मी त्याच दिवशी वहीत लिहिली, कारण वळण मामांचंच. ते म्हणायचे, “कोण आलं होतं ते त्याच दिवशी लिहावं, सुमे. दुसऱ्या दिवशी आपण आपल्याला हवी ती माणसं लिहितो.”

वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल चार ओळी आल्या. बेचाळीस सालचे स्वातंत्र्यसैनिक, दीड वर्षाचा कारावास, एकदा आमदार. सगळं खरं आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. आपल्या घराचं दार त्या दिवशी आतून लावलेलं होतं, हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. पुढे दर मार्चला, गावोगावची माणसं तळ्यावर यायला लागली की, मामा ओटीचं दार सताड उघडून स्वतः पाण्याची पिंपं भरायला उभे राहत. आमदारकी गेल्यावर भेटायला येणारी गर्दी आटली. ते म्हणाले, “बरं झालं, आता कामं होतील.” आणि कोट चढवून कोर्टात गेले.

त्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात नेहमी एक घडी केलेला कागद असे. मुदतीचा अर्ज. तारखेला वकील हजर राहू शकत नसेल तर पुढची तारीख मागायचा. पाच ओळी आधीच लिहिलेल्या, फक्त कारणाची जागा कोरी. कागद जुना झाला की ते नवा लिहीत. वकिली सोडल्यावरही, अगदी लग्नाकार्याला जातानासुद्धा तो खिशात असायचा. मी एकदा हसले होते. “मामा, पंगतीला कसली मुदत?” ते हसले नाहीत.

वकिली बंद केली त्या वर्षी त्यांनी मला कपाट उघडून दाखवलं. पक्षकारांचे मूळ कागद, प्रत्येक घराचे वेगळे, जुन्या पद्धतीने लाल कापडाच्या रुमालात बांधलेले. डोंगरातल्या माणसांची घरं गवताची; आग, पाऊस, उंदीर यांच्या भीतीने ती कागद वकिलाकडेच ठेवायची. “माझ्यामागे हे रद्दीत जातील,” मामा म्हणाले. मी यादी केली. एकूण बेचाळीस रुमाल. नाव, गाव, कागद, वारस कोण, कसं जायचं, असे रकाने आखले. पोस्टाने पाठवायला मामांची सक्त मनाई. घरी जायचं, बसायचं, पाणी घ्यायचं, रुमाल सोडून प्रत्येक कागद मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मग हातात द्यायचा. दोन वर्षांत आम्ही एक्केचाळीस ओळींवर बरोबरच्या खुणा केल्या. माणसं रडायची. आपल्या आज्याचं नाव कुणी वाचून दाखवतंय, हेच त्यांना पुष्कळ व्हायचं...

राहिला तो उमरठच्या वरच्या वाडीवरच्या बायजाबाईंचा रुमाल. आत दोन कबुलायती, म्हणजे खंडाने जमीन कसण्याचे लेखी करार, आणि वरच्या माळाचा हाताने काढलेला नकाशा. मामा तुरुंगातून सुटल्यापासून दरवर्षी दिवाळीनंतर हा रुमाल घेऊन वर चढत आणि तो घेऊनच खाली येत. गुडघे थकल्यावर मी सोबत जाऊ लागले. उमरठपर्यंत जीप, पुढे पायवाट. बायजाबाई आम्हाला नाचणीची भाकरी आणि दूध देत, म्हशींची चौकशी व्हायची, मामा रुमाल पुढे करत आणि त्या मान हलवत.

“र्‍हाऊ द्या तुमच्याकडंच, वकील. हितं काय, उंदरं खातील.”

“बायजाबाई, दरवर्षी तेच सांगता. मी म्हातारा झालो.”

“मग मी काय नवी नवरी हाय?”

शेवटच्या वेळी मामांना चढवेना. त्यांनी मला एकटीला पाठवलं. बायजाबाईंनी रुमालाकडे पाहिलंच नाही. मी जरा चिडून म्हणाले, “आजी, माझी यादी अडलीय तुमच्यामुळे.” त्या मिस्किल हसल्या. “अडू दे गो. कागद घेतलं म्हंजे तुमी वर कशाला येनार? माज्या घरी खालचं दुसरं कोन येतंय?”

खाली आल्यावर मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, “तिला ठाऊक नाही म्हणून ती बोलावते.” आणि त्या दुपारी त्यांनी मला, पहिल्यांदाच, सगळं सांगितलं.

बेचाळीसचा ऑगस्ट. वरच्या माळावर खोताने दावा लावला होता. माळ गेला तर गुरं चारायची कुठे, म्हणून बायजाबाईंचे यजमान कोंडू यांनी घरातले होते नव्हते ते कागद मामांना दिले होते. तारखेला दोघे कोर्टात आले. तेवढ्यात रस्त्यावरून मिरवणूक आली. मामा अठ्ठावीस वर्षांचे. ते बाहेर धावले, पायरीवर उभे राहून भाषण केलं. आपला वकील बोलतोय म्हणून कोंडूही मागोमाग बाहेर आले आणि टाळ्या वाजवत उभे राहिले. पोलिसांनी मामांना धरलं. “आणि तेव्हा आत पुकारा झाला, सुमे. कोंडूच्या नावाचा. तीनदा. मला स्वच्छ ऐकू आला. फौजदार ओळखीचा होता, एक मिनिट दे म्हटलं असतं तर दिलं असतं त्याने. पाच ओळींचा अर्ज आत द्यायचा होता, बस्स. पण मी घोषणा देत होतो... लोक बघत होते.”

निकाल एकतर्फी लागला. तो फिरवायला महिन्याभरात अर्ज करावा लागतो. मामा तुरुंगात, कागद त्यांच्या कुलूपबंद कपाटात. माळ गेला. मामा सुटून येईपर्यंत कोंडूही गेले होते.

“सरकारने वकिलाला पकडलं म्हणून माळ गेला, असं ती समजते,” मामा म्हणाले. “दरवर्षी सांगायला जातो. भाकरी खाऊन परत येतो.” सत्कारात लोक हार घालत तेव्हा ते खाली का बघत, ते मला त्या दिवशी कळलं.

जानेवारीत अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एकच काम सांगितलं. “बायजाबाईला सांग, पुकारा मला ऐकू आला होता. मग कागद दे. आधी सांगायचं, मग द्यायचं. क्रम चुकवू नकोस.” मी वहीत तसं, त्याच क्रमाने लिहून घेतलं. त्यांनी वही मागून घेऊन वाचली.

दगडू हा बायजाबाईंचा नातू. बायको-मुलांसह बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहतो. तेराव्याला तो माझ्याजवळ आला. वाडीवर निरोप पोचला होता. “आजी रडली,” तो म्हणाला. “बोलली, वकील गेला तरी त्याच्या भाचीला सांग, वर येत जा. कागद घेऊनच ये.”

आज पाच आठवडे झाले. मामांचे कपडे वाटून झाले, पुस्तकं वाचनालयात पोचली, पेन्शनचं कार्यालय, रेशनकार्ड, वीजजोडणीचं नाव, सगळ्यांपुढे खुणा झाल्या. मी कामं लांबणीवर टाकणारी बाई नाही. तरी दोन रविवार जीप ठरवली आणि दोन्ही वेळा सकाळीच नको म्हणून कळवलं. एकदा पाहुणे येणार होते. एकदा काहीच नव्हतं. पंचावन्न वर्षं ज्या माणसाची वाट बघितली, त्याच्याबद्दल हे त्या म्हातारीला कोणत्या तोंडाने सांगायचं... आणि ऐकल्यावर तिने मला पुन्हा वर बोलावलं नाही तर?

काळा कोट मी कुणाला दिला नाही. काल तो उन्हात घालायला काढला, तेव्हा आतल्या खिशातला अर्ज हाताला लागला. अक्षर थरथरतं, म्हणजे अलीकडचाच. पाच ओळी पूर्ण आहेत, कारणाची जागा कोरी. मी तो घडी करून परत खिशात ठेवला. लाल रुमाल टेबलावर आहे. यादीत बेचाळिसाव्या ओळीसमोर दोन कामं लिहिलेली आहेत, आधी सांगणे, मग देणे, आणि त्यातलं पहिलं अजून व्हायचं आहे.