पिवळ्या खणाची गुढी

फिजी सोडलं त्या सकाळी टॅक्सी दारात उभी होती आणि मी बघत होते शेजारच्या रामकलीच्या खिडकीकडे. ती उघडलीच नाही. हे नुसतं म्हणाले, "चल आता."

हे तिथे साखर कारखान्यात केमिस्ट. आम्ही कोल्हापूरकडचे, रामकली तिथेच जन्मलेली. पण माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच काढली. मग निवडणूक आली आणि तिथल्या आपल्या भारतीय लोकांचा एकुलता एक पक्ष मधोमध फुटला, लाल झेंड्याचे एकीकडे, पिवळ्या झेंड्याचे दुसरीकडे. घरंच्या घरं फुटली हो. संध्याकाळी एकाच वाडग्यातून नंगोना, ते तिथलं मुळ्यांचं नशेचं पेय, पिणारे पुरुष दोन अंगणांत वेगवेगळे बसायला लागले. रामकलीचा नवरा लाल झेंड्यावाला, समोरच्या घरातले पिवळे.

त्यातच पाडवा आला. दरवर्षीसारखी मी दारात गुढी उभारली. खण पिवळा, आईनं पाठवलेला. माझ्या डोक्यातही आलं नाही. दुपारपर्यंत गल्लीभर झालं, केमिस्टबाई पिवळ्यांत गेल्या. परक्यांचं सोडा, रामकलीला गुढी ठाऊक होती. साखरेची गाठी दरवर्षी तिच्याच लेकीच्या गळ्यात पडायची. समजवायला गेले तर तिचा नवरा दारातूनच म्हणाला, "भाभी, पीला ही मिला आपको?" ती आत रोटी लाटत राहिली. वर बघितलं नाही. ह्यांच्या नोकरीची मुदत संपेपर्यंत नाही, निघालो तेव्हाही नाही.

इकडे कॅनडात, स्कारबरोला आल्यावर किती वर्षं मी गुढी बेसमेंटमध्ये उभारली. छत ठेंगणं, काठी तिरकी. आई म्हणायची, गुढीला आभाळ लागतं. पण माझी छाती होईना. इथे ऐन थंडीत निवडणूक आली तर डावीकडच्या लॉनवर एका पक्षाची लाल पाटी, उजवीकडच्या लॉनवर दुसऱ्याची निळी, आणि दोन्ही घरचे मिळून आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करतायत. मी पडद्याआडून बघायची, आता भांडतील, मग भांडतील. नाही भांडले.

यंदा काठी पोर्चवर आणली. खण तोच. मुलगा कुरकुरला, "मॉम, पीपल विल आस्क." म्हटलं, विचारू देत की. निळ्या पाटीच्या घरातली म्हातारी खरंच कुंपणाशी आली, हे काय म्हणून. मी सांगितलं, आमचं न्यू इयर. मी दिलेला गाठीचा तुकडा तिनं तिथेच तोंडात टाकला.

आत येऊन मी रडले. घर कुठलं म्हणाल तर हेच आता, इथे विचारतात तरी. पण पाक करून गाठी घालायला बसले, की एक जास्तीची होतेच, रामकलीच्या लेकीची. ती फडताळात राहते. उन्हाळ्यात मुंग्या लागल्या की टाकून देते.