चालीवरून ओळखलेली पिकअप

सेवेच्या काळात वाहनचोरीचे गुन्हे इतके हाताळले की बहुतेकांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका जुन्या पिकअपचा गुन्हा मात्र तसा मिसळला नाही. तो मला आजही कागद न पाहता सांगता येतो, त्यातल्या माझ्या चुकीसकट.

त्या वेळी मी वसईच्या किनारपट्टीतल्या एका ठाण्यात गुन्हे प्रकटीकरण पथकाचा प्रमुख होतो. एका दुपारी गिरीजचे एक बागायतदार फिर्याद द्यायला आले. साठी ओलांडलेले, हातावर केळीच्या चिकाचे काळे डाग. त्यांची पांढरी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप आगाशीच्या बाजारातून भर दिवसा चोरीला गेली होती. ड्रायव्हर केळीचे घड उतरवून चहाला गेला आणि पंधरा मिनिटांनी परत आला, तर गाडी जागेवर नव्हती. जमिनीवर काचेचा एक तुकडा नव्हता. समोरच्या दुकानाला कॅमेरा होता, पण त्या वेळी नेमका त्याच्यापुढे एक टेम्पो उभा होता.

गाडीच्या चाव्या दोनच. एक बागायतदारांच्या घरी कपाटात, दुसरी ड्रायव्हरच्या खिशात. मी फिर्याद घेताना नेहमीचा प्रश्न विचारला, "काका, संशय कोणावर?"

त्यांनी हातावरचे डाग चोळले. मग म्हणाले, "चावी त्याच्याकडे होती."

मी तेवढं वाक्य जबाबात घेतलं आणि तपासाची दिशा ठरवून टाकली.

ड्रायव्हर मिठागरांजवळच्या गावातला, चाळिशीचा माणूस. बारा वर्षं तीच गाडी चालवत होता. मी त्याला सलग तीन दिवस ठाण्यात बोलावलं. हात उगारला नाही, पण सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. त्याचं उत्तर एकच होतं. "साहेब, चावी माज्या खिशान हाय. गाडी कोनी नेली, मना काय ठाव?"

त्याच्याविरुद्ध काही मिळालं नाही. अटक झाली नाही, पण तीन दिवस पोलिसांनी बसवलं एवढं गावाला पुरतं. बागायतदारांनी त्याला कामावरून काढलं नाही; तोच परत गेला नाही. काही महिन्यांनी गुन्हा खरा पण शोध लागत नाही, अशा शेऱ्यानिशी मी कागदपत्रं न्यायालयात पाठवून दिली.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्षाने बागायतदार पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. सोबत मुलगा होता. काकांनी चिठ्ठीवर लिहिलेला एक गाडीनंबर माझ्यापुढे सरकवला.

"माझी गाडी आगाशीत दिसली. आता निळी आहे."

"नंबर तर वेगळा आहे."

"नंबर वेगळा, रंग वेगळा. पण ती गतिरोधकावरून उतरली आणि मी ओळखली. मागची डावी बाजू आधी बसते, मग उजवी. तशी चालणारी दुसरी गाडी या भागात नाही."

मुलगा अवघडून म्हणाला, "सर, बाबा गेले वर्षभर प्रत्येक बाजारात जाऊन उभे राहतात. आधीही दोन गाड्या त्यांना आपल्या वाटल्या होत्या."

चोरीला गेलेली वस्तू माणसाला सगळीकडे दिसते, हा माझाही अनुभव होता. मी त्यांना समजावून परत पाठवणार होतो. ते ओळखून काका म्हणाले, "साहेब, गाडीसाठी नाही आलो. गाडी काय, दुसरी घेतली. त्या दिवशी तुम्ही संशय विचारलात आणि मी एक वाक्य बोललो. बारा वर्षं माझ्या ताटाशेजारी जेवलेला माणूस आता मला रस्त्यात पाहून वाट बदलतो."

मी चिठ्ठी ठेवून घेतली.

निळ्या पिकअपची माहिती काढली. बांधकामांना माल पुरवणाऱ्या एका इसमाच्या नावावर ती होती. कागदपत्रं चोख, विमा चालू, चासी क्रमांक कागदांशी जुळणारा. वरिष्ठ म्हणाले, "चालीवरून गाडी ओळखली असं न्यायालयात सांगणार आहात का?" प्रश्न रास्त होता. पण या प्रकरणात एकदा मी फार लवकर थांबलो होतो. दुसऱ्यांदा थांबायचं नाही, एवढं मी ठरवलं.

मी काकांना बोलावलं आणि विचारलं, "गाडी अशी का चालते?"

मग त्यांनी मला तासभर त्या गाडीचं शास्त्र शिकवलं. पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी त्यांची थोडी जमीन होती. तिथे जायचा रस्ता म्हणजे जवळजवळ ओढ्याचं पात्रच. कंपनीचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे, तिथे टिकेनात. माल भरला की गाडी उजवीकडे कलायची. तेव्हा त्यांनी आणि ड्रायव्हरने मिळून वाडीतच मागच्या कमानी उतरवल्या, लोहाराकडून पाट्यांना पुन्हा बाक आणून घेतला आणि उजव्या कमानीत एक पाटा जास्त घातला. पुढच्या कमानींच्या सांध्यात रबराऐवजी पितळी नळ्या, म्हणजे बुश, कातून बसवले. चारही शॉकअप भारी, पिवळ्या रंगाचे घेतले.

"नवा पाटा घातला की पहिल्या तीन-चार फेऱ्यांनंतर कमान धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात," ते म्हणाले. "लोक तेच विसरतात आणि मग पाटा तुटला म्हणून कंपनीला शिव्या देतात. आम्ही दर पावसाळ्यानंतर कमान पूर्ण उघडायचो."

"उघडल्यावर आत असं काय दिसेल, जे बाहेरून दिसत नाही?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "पाट्यांमध्ये निळ्या पट्ट्या. पाटे एकमेकांवर घासून कुरकुरायचे, म्हणून पाण्याचा फुटका ड्रम कापून पट्ट्या घातल्या होत्या. ड्रम ड्रायव्हरने कापला, भोकं मी पाडली. आणि प्रत्येक पाट्याच्या पोटाला हातोडी आणि टोकदार पंचने ठिपके मारलेत. डाव्या कमानीला एक, उजव्या कमानीला दोन. परत बसवताना अदलाबदल होऊ नये म्हणून."

हा सगळा जबाब मी पंचांसमक्ष लिहून घेतला, लखोट्यात घालून लाखेने बंद केला आणि त्यावर पंचांच्या सह्या घेतल्या. मगच निळी पिकअप तपासणीसाठी ठाण्यात आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या मागच्या आवारात पंचनामा सुरू झाला. मोटार वाहन निरीक्षक आले होते. दोन्ही बाजूंना अनोळखी असलेला एक मेकॅनिक बोलावला होता. काकांना लांब बाकावर बसवलं होतं, गाडीजवळ येऊ दिलं नाही. गाडीचा ताबेदार, तो माल पुरवणारा इसम, हाताची घडी घालून उभा होता. लखोटा फोडून मी एकेक मुद्दा वाचू लागलो.

पहिला मुद्दा, पिवळे शॉकअप. मेकॅनिक खाली वाकला आणि म्हणाला, "काळे आहेत साहेब. चारही. फार जुने नाहीत."

ताबेदार हसला. "मी सांगत होतो ना. म्हाताऱ्या माणसाला भास होतात."

लांबून काकांना शब्द ऐकू गेले नसतील, पण मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला मला दिसला. मी पंचनाम्यात 'जुळत नाही' असं स्वच्छ लिहिलं आणि पुढे गेलो.

दुसरा मुद्दा, उजव्या कमानीत एक पाटा जास्त. जुळला. ताबेदार म्हणाला, "पाटा तर कोणीही वाढवतो." तेही खोटं नव्हतं. पुढचे बुश पितळी निघाले.

मग मागची डावी कमान उतरवली. यू-बोल्ट गंजले होते, त्यामुळे अर्धा तास गेला. मधला बोल्ट सुटला आणि मेकॅनिकने वरचा पाटा उचलला. खाली काळ्या ग्रीसमध्ये माखलेली एक पट्टी होती. त्याने ती फडक्याने पुसली. पट्टी निळी होती. पाटा उलटा केला, तर पोटाला एक ठिपका. उजवी कमान उघडली, तिथेही पट्ट्या, आणि दोन ठिपके.

मी ताबेदाराकडे पाहिलं. त्याचे हात आता खाली आले होते.

"मी विकत घेतलीय," तो म्हणाला. "कागद आहेत माझ्याकडे."

चौकशीच्या खोलीत त्याने तेच लावून धरलं. कागदांवर तो पक्का होता. विचारलं की तारखेसकट उत्तर द्यायचा. माझा अनुभव असा की, खोटं बोलणारा ज्या प्रश्नांची तयारी करून येतो त्यांवर त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नसतो. मी चहा मागवला आणि कागद मिटून ठेवले.

"शॉकअप मात्र चांगले बसवलेत," मी म्हणालो. "नेटकं काम आहे. कोणाचं?"

त्याला हा प्रश्न निरुपद्रवी वाटला. जुळला नव्हता तो एकच मुद्दा त्याच्या बाजूचा होता. त्याने हायवेलगतच्या एका गॅरेजमधल्या फिटरचं नाव सांगितलं. आपली सगळी कामं तोच करतो, हेही सांगितलं.

मी बाहेर येऊन काकांना विचारलं, "या गॅरेजला तुमची गाडी कधी गेली होती?"

"एकदाच. पुढची चाकं एका बाजूला ओढत होती, ती सरळ करून घ्यायला. ते मशीन आमच्याकडे नव्हतं. दिवसभर ठेवली होती. चावीसकट."

फिटरला त्याच दुपारी आणलं. निळी पट्टी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली, तेव्हा त्याला ती काय आहे हेच कळेना. शॉकअप त्याने बदलले होते, पण कमान कधी उघडून पाहिली नव्हती. ताबेदाराने काय सांगितलं ते कळल्यावर मात्र त्याने फार वेळ घेतला नाही. ताबेदाराने अपघातात मोडलेली त्याच जातीची पिकअप कागदांसाठी घेऊन ठेवली होती आणि तशीच धड गाडी शोधत होता. काकांची गाडी गॅरेजला आल्यावर फिटरने चावीची नक्कल करून घेतली आणि त्याच चावीने ती बाजारातून उचलली गेली. मोडक्या गाडीचा चासी क्रमांकाचा तुकडा कापून या गाडीला जोडला. पिवळे शॉकअप लांबून ओळखू येतात म्हणून तेवढे काढून टाकले. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालानेही वेल्डिंगचा जोड दाखवला. दोघांना अटक झाली, दोषारोपपत्र गेलं, शिक्षाही झाली.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला मात्र अजून एक काम करायचं होतं.

मी काकांना घेऊन मिठागरांकडच्या त्या गावात गेलो. ड्रायव्हर पोती उचलायच्या कामावर होता. त्याला कोणी गाडी चालवायला देत नव्हतं. आम्ही सगळं सांगितलं. ड्रमच्या पट्ट्यांवरून गाडी ओळखली गेली हेही सांगितलं. तो उभ्यानेच ऐकत होता.

काका म्हणाले, "माझं चुकलं. परत ये."

"तुमी बोलले त्याचं काय नाय, काका. मना बसवला तवा तीन दिस तुमी गप रायले," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी गाडी चालवीन, पन दुसऱ्याची." मग माझ्याकडे वळला. "साहेब, मना कागदावर लिवून द्या. मी चोर नाय म्हनून."

असा कोणताच नमुना आमच्याकडे नसतो. संशयितावर लिहायला आमच्याकडे रजिस्टरं आहेत. तो निर्दोष निघाला तर त्याचं नाव नुसतं गळून जातं. ठाण्यात परत येऊन मी स्वतः ते पत्र लिहिलं. सदर इसमाचा या गुन्ह्याशी कोणताही संबंध नसल्याचं तपासात निष्पन्न झालं आहे, एवढाच मजकूर. वरिष्ठांची परवानगी घेतली, शिक्का मारला आणि दुसऱ्या दिवशी गणवेशात पुन्हा गेलो. त्याने पत्र हातात घेतलं नाही. गावातल्या दुकानासमोर माणसं बसली होती, त्यांच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हितं वाचा."

मी वाचलं. लोक उठून उभे राहिले होते. वाचून झाल्यावर त्याने पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि कामावर निघून गेला. दोन महिन्यांत त्याला एका टेम्पोवर काम मिळालं. काकांकडे तो परत गेला नाही, आणि काकांनीही पुन्हा विचारलं नाही.

पुराव्याबद्दल हा गुन्हा मला बरंच शिकवून गेला. ज्याने एखादी वस्तू स्वतःच्या हाताने उघडून सांभाळली आहे, त्याच्या शब्दाला कागदाइतकंच वजन द्यावं, हे मी पुढच्या अधिकाऱ्यांना सांगत राहिलो. पण खरा धडा दुसरा. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, ज्याला मी संशयावरून बोलावलं आणि जो निर्दोष निघाला, त्याच्या गल्लीत मी स्वतः जात असे, दिवसाढवळ्या, गणवेशात, आणि चार लोकांसमोर तसं सांगत असे. काहींनी चहा दिला, काहींनी दार लावून घेतलं. दोन्ही मी मान्य केलं.