पाठमोरं स्थळ

जगात बघण्याला भिणारा एकच माणूस जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या पोटी! भुताला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, घाटातल्या वाघाला भिणारीही पाहिली. पण समोरच्या गोष्टीकडे “मी बघितलं तर ती बदलेल” म्हणून मान फिरवणारा माणूस लोणावळ्यातच काय, अख्ख्या मावळात दिवा घेऊन शोधा, दुसरा सापडायचा नाही. आणि दिवा घेऊन शोधलात, तर दिव्याच्या उजेडाने बदललेला सापडेल, असं तो स्वतःच तुम्हाला बजावेल.

हा माझा मावसभाऊ. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. लोणावळ्याच्या शाळेत तो विज्ञान शिकवी आणि तिशी उलटेपर्यंत अगदी चारचौघांसारखा होता. मग मुंबईच्या कोणा मित्राने त्याला नव्या भौतिकशास्त्रावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं आणि घात झाला. मी तेव्हा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होतो. भर पावसात हा धावत आला. छत्री पुस्तकावर, स्वतः चिंब.

“अरे, बघितलं की तो बदलतो!”

“कोण?”

“इलेक्ट्रॉन!”

मी त्याला टॉवेल दिला. तो त्याने पुस्तक पुसायला घेतला आणि तसाच निथळत मला समजावू लागला. “समज, अंधारात कोंबडी बसलीय. ती काय करते बघायला तू कंदील घेऊन गेलास. कंदिलाने ती बिचकली, फडफडली. मग तू गावभर सांगणार, कोंबडी अंधारात फडफडते! विजेचा हा कण तर इतका बारीक, की नुसता उजेड पडला तरी त्याला धक्का बसतो. आणि लबाड किती! भिंतीला दोन फटी ठेव. कोणी पाळत ठेवली नाही, तर हा पठ्ठ्या लाटेसारखा पसरून दोन्ही फटींतून जातो. कुठल्या फटीतून जातोस रे, म्हणून बघायला बसलास, की निमूटपणे एकीतूनच!” बोलता बोलता त्याचे डोळे असे चमकत होते, की सातारचं पार्सल मी चुकून साताऱ्याऐवजी सोलापूरच्या ढिगात टाकलं.

विजेच्या कणापुरतं हे राहिलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. पण दादाने तो नियम घराला लावला. भात शिजत असताना मावशीने झाकण उचललं की हा ओरडे, “आई, बघू नकोस, त्याला त्याचं शिजू दे!” त्या घरचा करपलेला भात मी पुष्कळ खाल्ला आहे. शाळेत मुलं बघितल्यामुळे खोटी वागतात, म्हणून तो वर्गाकडे पाठ करून शिकवू लागला. मुलं इतकी खरी वागू लागली, की खिडकीतून बाहेर पडून करवंदं खाऊन तास संपायच्या आत परत येत. तपासणीला डेप्युटीसाहेब आले, शाळा बघून खूश झाले, तर हा त्यांना नम्रपणे म्हणाला, “साहेब, आपण शाळा बघितलीच नाहीत. साहेब येणार म्हणून सारवलेली शाळा बघितलीत. खरी शाळा बघायची असेल, तर कृपा करून येऊच नका.” हेडमास्तरांना घाम फुटला. साहेब मात्र बहुधा शास्त्राचे भोक्ते असावेत. पुढच्या वर्षी ते खरंच आले नाहीत.

या सगळ्यात वाळत चालली होती ती मावशी. नवरा केव्हाच गेलेला, पदरात हा एकुलता एक. सून यावी, घरात दोन माणसांचं बोलणं ऐकू यावं, एवढंच तिचं मागणं. पण दादा मुलगी बघायलाच तयार होईना. “मान खाली घालून बस म्हणायचं, चालून दाखव म्हणायचं. मग चालते ती कोण? बघितली जाणारी मुलगी! ती लग्नानंतर घरी येतच नाही. घरी येते ती दुसरीच.” हे खोटं आहे असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. पण लोक म्हणू लागले, मास्तर वेडा आहे. स्थळं यायची थांबली. राहिलं एकच, वराळ्याचं. तेही फिसकटलं असतं, तर मावशीने आशा सोडली असती.

तिने रडून-भेकून त्याला गाडीत बसवलं. सोबत मी. तळेगावात उतरेपर्यंत ती एकच बजावत होती, “तितं त्या मेल्या कणाचं नाव काढलंस, तर माज्याशी गाठ हाय!” दादाने मान डोलावली. कणाचं नाव त्याने खरोखरच काढलं नाही.

वराळ्यात मुलीच्या वडिलांनी ओसरीवर घोंगडी अंथरली होती. भरघोस मिशांचे, मोठ्या आवाजाचे शेतकरी. सगळे त्यांना आबा म्हणत. पाणी झालं, पिकापाण्याचं बोलणं झालं. आतून बांगड्या वाजल्या आणि मुलगी पोह्यांचं तबक घेऊन उंबऱ्यात आली. त्याच क्षणी दादा उठला, वळला आणि भिंतीकडे तोंड करून बसला!

“पावणं,” आबांनी विचारलं, “भितीवर काय हाय?”

“काही नाही. मी बघितलं की त्या बदलतील. मला त्या आहेत तशाच हव्यात.”

“म्हंजी? माजी लेक बघन्याजोगी न्हाई?”

मी घाईघाईने कोंबडी आणि कंदील सांगायला गेलो. “माज्या लेकीला कोंबडी म्हन्ता?” म्हणत आबा ताडकन उठले. “उठा. गाडी जुपतो, ठेसनावर सोडतो.” मावशीने हात जोडले. “आबा, पोरगं वंगाळ न्हाई वो माजं...”

“आबा, थांबा जरा,” मुलगी म्हणाली. तिने तबक खाली ठेवलं आणि दादाच्या पाठीमागे ऐसपैस मांडी घातली. “त्यास्नी न्हाई बघायचं ना? ऱ्हाऊ द्या. मी बघते.”

आणि ती बघू लागली! आधी दादाचे कान लाल झाले. मग मान. मग त्याने पाठ ताठ केली, सदरा खाली ओढला, टोपी चाचपली.

“काय... काय चाललंय?”

“बघतेय.”

“कशाकडे?”

“टोपीकडं. वाकडी हाय.”

टोपी सरळ होती. दादाने घाईघाईने ती वाकडी केली. आबांची मिशी हलली.

“आता जरा चालून दाखवा की.”

आणि मंडळी, दादा चालला! भिंतीला नाक लावून, खेकड्यासारखा, भाताच्या पोत्याला अडखळेपर्यंत. “पाय धड हायेत. सुई ओवता येती?” असं तिने विचारलं, तेव्हा तो कळवळून म्हणाला, “मी एरवी असा नाही हो! तुम्ही बघताय म्हणून होतंय हे!”

“मग आमचं काय येगळं व्हतं?”

दादा थबकला. आणि भिंतीकडे बघतच मोठ्याने हसला. “खरंच की! बघणारासुद्धा सुटत नाही! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!” मग आवाज एकदम खाली आणून, ज्या आवाजात तो कधीच बोलला नव्हता त्या आवाजात, त्याने विचारलं, “मी... पसंत आहे का?”

“पाठ पसंत हाय. बाकीचं चालवून घीन.”

आबा खो-खो हसत सुटले. गाडी जुंपायची राहिली, आणि आम्ही जेवूनच निघालो.

लग्न वराळ्यातच झालं. तोवर दादाने तिला पाहिलेलं नव्हतंच. दोघांच्या मध्ये अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं चालली होती आणि पलीकडचं दिसू नये म्हणून दादाने डोळे गच्च मिटले होते. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट बाजूला झाला, वाजंत्री कडाडली, अक्षतांचा पाऊस पडला. दादाचे डोळे मिटलेलेच. लोक ओरडू लागले, “हार घाला की!” ती किंचित पुढे झुकली आणि हळूच म्हणाली, “उघडा आता. मी हितंच हाय.”

त्याने डोळे उघडले. तिनेही मान खाली घातली नाही. हार हातात तसेच, भटजी खोकताहेत, आणि हे दोघे एकमेकांकडे बघत उभे. कोण कोणाला बदलत होतं, कोणास ठाऊक.

मी मावशीकडे वळलो. सून बघायची म्हणून इतकी वर्षं झुरलेली ती बाई सुनेकडे बघतच नव्हती. ती लेकाकडे बघत होती. इतका वेळ, इतक्या निर्धास्तपणे तो कोणाकडे तरी बघतोय, हे ती जणू डोळ्यांत साठवून घेत होती. पुढे ती फार दिवस जगली नाही. पण लग्नाच्या त्या दिवशी वाजंत्री थांबली, पंगतीची हाक आली, आणि तिला हात धरून उठवायला गेलो तर तिची मूठ मिटलेलीच. अक्षता टाकायच्या ती विसरून गेली होती.