पोटावरचा लॅपटॉप

अविनाशरावांचा फोन आला तेव्हा मी सकाळची भाजी निवडत होते. "मंगला गेली," ते म्हणाले. मी विचारलं, "कुठे?" मग ते हळूच म्हणाले, "अहो, तसं नाही... गेली." माझ्या प्रश्नाची मला नंतर लाज वाटली, पण त्यात माझं फारसं चुकलं नव्हतं. मंगला कायम कुठे ना कुठे गेलेलीच असायची. कोणाच्या मुलीचं कॉलेज सुरू होतंय, कोणाच्या नवऱ्याला घरून काम करायचंय, कोणा आजोबांना परदेशातल्या नातवाचं तोंड बघायचंय; त्यांना लॅपटॉप घ्यायचा असला की बरोबर हिला न्यायचे. घरी फोन केला की अविनाशराव हमखास "ती गेलीय" एवढंच सांगायचे, आणि कुठे ते आपण विचारायचं. या वेळी पहाटे झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं. त्याला आता दीडेक महिना होईल. ओळखीची माणसं भेटतात, हळहळतात, आणि दोन वाक्यं झाली की तिची काही तरी गंमत सांगून हसायला लागतात. हे लिहायला बसले तर माझंही तेच होतंय.

मंगला अमरावतीची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, देशात खुल्या धोरणाची चर्चा नुकती सुरू झाली होती तेव्हा, आम्ही दोघी एकाच वेळी एरंडवण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. कंपनी कसली, एका बंगल्याचं गॅरेज होतं ते. पहिल्या दिवशी आत आल्या आल्या तिने वर बघितलं आणि म्हणाली, "पंखा काहून बंद करून ठेवला व?" आम्ही सगळे पेठांतून आलेले, साहेबांना न विचारता पंखा लावता येतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. तिने बटण दाबलं. पुढे तिची भाषा पुण्यात राहून बरीचशी पुस्तकी झाली, पण आनंद झाला किंवा राग आला की वऱ्हाडी वर यायची. त्यामुळे तिला काय वाटतंय ते ओळखायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

आमच्या साहेबांनी परदेशातून एक कॉम्प्युटर आणला होता. तो उचलून नेता येतो, याचा त्यांना फार अभिमान होता. शिवणयंत्राएवढी ती पेटी होती, वर कडी. झाकण काढलं की तोच कीबोर्ड, आणि आत हाताच्या पंजाएवढ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं. ती पेटी घेऊन आम्ही दोघी मंचरकडच्या एका दूध सोसायटीत आमचं सॉफ्टवेअर दाखवायला निघालो. एसटीत कंडक्टर म्हणाला, "बाई, शिवणयंत्राचं लगेज पडेल." मंगला म्हणाली, "शिवणयंत्र नाही हो, कॉम्प्युटर आहे." "मग तर पडेलच," तो म्हणाला. सोसायटीत आम्ही पेटी मांडली, वायर लावली, चेअरमन आणि मंडळी पुढे सरकून बसली, आणि वीज गेली. त्या यंत्राला बॅटरी नव्हतीच. आम्ही मसाला दूध पिऊन परत आलो.

पुढच्या वर्षी साहेबांनी खराखुरा लॅपटॉप घेतला. राखाडी, विटेसारखा जाड, काळापांढरा पडदा, बाण हलवायचा तर बाजूला चिमट्याने अडकवलेला एक गोल बॉल अंगठ्याने फिरवायचा. तो ग्राहकांकडे नेताना कोणी तरी पुरुष बरोबर असावा असं ऑफिसात ठरत होतं. मंगलाने सरळ विचारलं, "का? गाईसारखा ओढावा लागतो का?" साहेब हसले आणि यंत्र आमच्या हवाली झालं. आम्ही पुन्हा त्याच सोसायटीत गेलो, आणि बोलावल्यासारखी वीज पुन्हा गेली. खोलीत अंधार झाला, पण मंगलाच्या मांडीवरचा पडदा तसाच उजळलेला. ती न थांबता पुढे दाखवत राहिली. मागून कोणी तरी म्हणालं, "लाईट गेली तरी चालू हाय की." हळूहळू डेअरीतली सगळी माणसं, दूध घालायला आलेल्या बायकासुद्धा, कॅन तिथेच ठेवून दाराशी जमली. काम आम्हाला मिळालं. परतीच्या एसटीत तिने खिडकीला डोकं टेकलं. मग म्हणाली, "असा एक माह्या स्वतःचा पाहिजे." एखाद्या मुलीने स्वतःचं घर हवं म्हणावं, तसं ती म्हणाली.

मग तिचं लग्न झालं. अविनाशराव बँकेत होते, घर कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर, खाली रशीदभाईंचं सुतारकामाचं दुकान. आमची कंपनीही गॅरेजमधून मोठ्या जागेत गेली. सन दोन हजार जवळ येत होतं आणि त्या प्रसिद्ध घोळाचं काम आमच्याकडे आलं होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असायचे. शतक बदललं की यंत्रांना ते एकोणीसशे वाटणार, म्हणून ओळ न ओळ तपासून दुरुस्त करायची होती. एका मोठ्या कामाची सगळी जबाबदारी मंगलाकडे आली. आणि त्याच सुमाराला डेंगळे पुलाजवळ रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून तिची लूना घसरली. पाठीचा मणका दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, पट्टा बांधून थोडं चालायचं, नाही तर आडवं राहायचं. बसायचं मात्र अजिबात नाही. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना. ऑफिसातून निरोप गेला की तब्येत सांभाळा, बऱ्या झालात की या. निरोप प्रेमाचा होता, पण त्याचा अर्थ तिला बरोबर कळला. काम थांबणार नव्हतं. ते दुसऱ्या कोणाकडे जाणार होतं.

मी भेटायला गेले की ती छताकडे बघत पडलेली असायची. इतकी गप्प मंगला मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. अविनाशराव मला दारापर्यंत सोडायला यायचे आणि म्हणायचे, "पाठीचं बरं होईल हो. पण हिचं काय करू ते कळत नाही." एके दिवशी गेले तर तिचे डोळे चमकत होते. मी बसायच्या आत म्हणाली, "लॅपटॉप म्हणजे मांडीवरचा ना? डॉक्टर मांडी घालू देत नाही. पण पोट तर आहे नं माह्यं."

त्या काळी लॅपटॉप काही दुकानात मांडून ठेवलेले नसायचे. शनिवार पेठेत दोशी म्हणून एक व्यापारी होते, पहिल्या मजल्यावर लहानसं ऑफिस, काचेच्या कपाटात तीन यंत्रं. कसब्यातून तिथवर आम्ही चालत गेलो. मधे पट्टा बांधलेली मंगला, एका बाजूला मी, आणि मागे काखेत गुंडाळलेली सतरंजी घेऊन अविनाशराव. शनिवारवाड्यासमोर लोक आमच्याकडे वळून बघत होते. दोशींनी अदबीने खुर्ची पुढे केली. मंगला म्हणाली, "बसायला मनाई आहे. तुमची हरकत नसेल तर मी आडवी होते." अविनाशरावांनी टेबलापुढे सतरंजी अंथरली आणि ती खरोखरच दुकानाच्या फरशीवर उताणी झोपली. पोटावर एक-एक यंत्र ठेवून घेऊ लागली.

आधी दोशींनी त्यांचं सगळ्यात नवीन मॉडेल दिलं. रंगीत पडदा होता, पण खालून बघितलं की रंग उडून नुसता करडा धूर दिसायचा. "हा फक्त समोरच्याशी बोलतो," मंगला म्हणाली. दुसऱ्याचा पडदा एका मर्यादेपुढे मागे झुकेना. शिवाय तो पाच-दहा मिनिटांत असा तापला की तिने पदर मधे घातला. तिसरा आधीच्या वर्षीचा होता, दोशींनी तो नाखुशीनेच काढला. त्याचा पडदा पार मागे जायचा, अक्षरं खालूनही स्वच्छ दिसायची, आणि बाण हलवायचं बटण कीबोर्डच्या मधोमध होतं, त्यामुळे हात उचलावाच लागत नव्हता. ती त्यावर काही तरी टाइप करत राहिली. दोशी काकुळतीने म्हणाले, "मॅडम, हे जुनं झालं. नव्यात सीडी आहे." मंगलाने पडल्या पडल्या त्यांच्याकडे पाहिलं. "ती घालायला मला उठावं लागेल ना?" मग दोशींनी बूट काढले, सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले आणि त्या यंत्राबद्दल त्यांना ठाऊक होतं तेवढं सगळं तिला सांगितलं. बॅटरी कशी जपायची, वारा यायची भोकं कुठे आहेत, पांघरुणावर का ठेवायचा नाही. मधे दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी दारातूनच सांगितलं की जरा वेळाने या, इथे पाहुण्या झोपल्या आहेत.

खाली रशीदभाईंनी तिच्यासाठी एक लाकडी घडवंची करून दिली. "ताई, चौरंगच आहे हा," ते म्हणाले, "फक्त वर देवाच्या जागी यंत्र, आणि खाली तुम्ही." ती घडवंची पोटावर आडवी यायची, त्यावर लॅपटॉप, आणि मंगला कामाला लागली. साहेबांना पटवायला मला फार बोलावं लागलं नाही, तिने पहिल्याच आठवड्यात पाठवलेलं काम बघून ते म्हणाले, "ही आडवी असताना एवढं करते, तर आपण सगळे बसून काय करतोय?" फ्लॉपी नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे होतं. सकाळी ऑफिसला जाताना मी तिच्याकडून भरलेल्या घ्यायची, संध्याकाळी दुसऱ्या नेऊन द्यायची. पुढे मॉडेम आला, फोनच्या तारेतून काम जाऊ लागलं, आणि तिच्या सासरचे सगळे नातेवाईक तक्रार करू लागले की यांचा फोन कायम एंगेज. त्या खोलीत मी इतकी हसले आहे... एकदा तिच्या पोटात हसू मावेना तेव्हा घडवंचीसकट यंत्र हलायला लागलं आणि स्क्रीनवर एका ओळीत नुसते स्वल्पविराम उमटले. ते खोडायच्या आधी तिने मला जवळ बोलावून दाखवले. "हे बघ, हसण्याचा प्रोग्रॅम."

शतक बदललं, तिने दुरुस्त केलेल्या यंत्रांनी काही कुरकुर केली नाही. त्यानंतर पाचसहा महिन्यांनी ती पहिल्यांदा खुर्चीवर बसली. ऑफिसने मानाने परत बोलावलं. तिने नम्रपणे नाही सांगितलं. ती घरूनच काम करत राहिली. हिंजवडीत मोठमोठ्या इमारती उठल्या, पाठीवर एकसारख्या काळ्या पिशव्या घेतलेल्या मुलामुलींनी कंपन्यांच्या बसगाड्या भरल्या, आणि आम्हीही त्यांतल्याच एकीत बसून तासन् तास वाकडच्या पुलावर अडकू लागलो. मंगला फोन करून विचारायची, "पोचलीस का व? माझं अर्धं काम झालं." घरी मुलं लहान म्हणून नोकरी सोडलेल्या बायका तिने शोधून शोधून गोळा केल्या आणि त्यांच्याकडून कामं करून घेतली. त्यांच्यासाठी लॅपटॉप निवडायला ती जाऊ लागली, मग त्यांच्या बहिणींसाठी, मग शेजाऱ्यांसाठी, आणि हा उद्योग कायमचाच मागे लागला.

माझ्या वडिलांसाठी घ्यायचा होता तेव्हा ती आधी आमच्या घरी आली, काही न बोलता ते कुठे बसतात ते बघून गेली. खिडकीकडे पाठ करून बसायची त्यांची सवय. दुकानात सगळे चकचकीत पडद्याचे लॅपटॉप दाखवत होते. तिने बिनचमकीच्या पडद्याचा मागितला. "दादा, त्यात तुम्हाला बातम्या दिसल्या पाहिजेत, स्वतःचं टक्कल नाही." वडील तिच्यावर खूश झाले ते कायमचे. रशीदभाईंच्या नातीला, आयेशाला, आर्किटेक्चरसाठी हवा होता. सगळं बघून झाल्यावर पोरगी ओशाळून म्हणाली, "मावशी, गुलाबी नाही का?" आम्हाला वाटलं आता हिला बोलणी ऐकावी लागणार. मंगलाने तेवढ्याच ताकदीचा गुलाबी मिळेपर्यंत तीन दुकानं पालथी घातली. "रोज उघडावासा वाटला पाहिजे नं," ती म्हणाली. यंत्रं पातळ होत गेली, सीडीची खाचही गेली, बॅटरी दिवसभर पुरू लागली, आणि प्रत्येक वेळी ती यंत्र हातात घेऊन म्हणायची, "काय हलका केला हो याला." त्यात तक्रार नसायची. आपल्या ओळखीचं मूल शिकून मोठं झालेलं बघावं, तसा तिचा चेहरा व्हायचा.

मागच्या रविवारी अविनाशरावांकडे गेले होते. मी चहा टाकत होते तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या एक बाई होत्या. त्यांना कोणी तरी सांगितलं होतं की इथल्या काकू लॅपटॉप घ्यायला बरोबर येतात. त्यांना काही माहीत नव्हतं. मग अविनाशराव आत गेले, शर्ट बदलून आले आणि म्हणाले, "चला. मला त्यातलं काही कळत नाही, पण दुकान माहीत आहे." मीही गेले.

दोशींचं दुकान आता तळमजल्यावर आहे, मोठं, काचेचं, भिंतीला धरून उंच टेबलांवर ओळीने लॅपटॉप मांडलेले. गिऱ्हाइकं उभ्याउभ्या बटणं दाबून बघत असतात. दोशी थकलेत, गल्ल्याशेजारी नुसते बसून असतात. त्यांनी अविनाशरावांना आत येताना पाहिलं, आणि काही न विचारता उठले. स्वतः मागच्या खोलीत गेले आणि दोन लाकडी स्टुलं घेऊन आले. ती टेबलाशी शेजारी शेजारी ठेवून आमच्याबरोबरच्या बाईंना म्हणाले, "बसा. ही मंगलाताईंनी इथे आणून ठेवली आहेत. एक गिऱ्हाइकाचं, एक त्यांचं. तुम्ही यंत्र मांडीवर घ्या, सावकाश बघा."

बाई बसल्या. दुसऱ्या स्टुलावर अविनाशराव बसले.