जळक्या सालीचे मोह

झाड मेलं की जितं आहे, हे ओळखायला मी पुष्कळांना शिकवलं आहे. सालीवर नखानं, नाहीतर विळ्याच्या टोकानं, जरासं खरवडायचं. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जितं. भुरकं, कोरडं निघालं तर मेलं. झालं. आणि एवढ्याशा गोष्टीत मी अशी चुकले की आमच्या टेकडीवरचे मोह माझ्या हातानं गेले. दुसऱ्या कोणावर ढकलता आलं असतं तर ढकललं असतं, खोटं कशाला बोलू.

आमचं गाव कारंज्याच्या पुढं, डोंगराला लागून. भाजीपाला लावायचा, बाजाराला न्यायचा. जंगल सरकारचं, पण मोह घराघराचे. तसं कागदावर कुठं नव्हतं, बायकांच्या तोंडी होतं. हा अमकीच्या सासूचा, तो तमकीचा. दुसरीच्या मोहाखालचं फूल कोणी उचलत नसे. फागुनात, फुलं गळायच्या आधी, आपल्या झाडाखालचा पाला झाडून बुडाशी लोटायचा आणि पेटवून द्यायचा. जमीन अंगणासारखी साफ, फुलं वेचायला सोपी. ती बैलांना घालायची, भाकरीत घालायची, आणि आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात आणखी कशाला लागायची ते पोलिसांनाही ठाऊक होतं.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचे दोन मोह नाल्याच्या काठावर होते. त्यांचे मालक लवकर गेले, मूल नाही. स्वतःचं म्हणावं असं त्या बाईजवळ ही दोन झाडंच. मी लग्न होऊन आले तेव्हा फुलं वेचायला त्यांनीच शिकवलं. दोघींत एकच टोपली असायची.

नव्वदनंतर कधीतरी गावात वन समिती झाली. एखादी बाई पाहिजे म्हणून मला घेतलं, कारण मला सही येत होती. शाळेत मी गेले नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षरं लागली. समितीत माझी कामं दोन, सही करायची आणि चहा ठेवायचा.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. धावडे, सालई, तेंदू उभ्या उभ्या वाळले. मोहांनी त्या साली फूल दिलं नाही, पानही दिलं नाही. वैशाखात नाकेदार आला, म्हणजे जंगलखात्याचा रखवालीचा माणूस. समितीसमोर म्हणाला, "वाळलेलं उभं ठेवलं तं कीड पडते. वणवा लागला तं जितंही जाते. साफ केलं तवाच नवीन लागवड मंजूर होईन. मेलं-जितं कोणाले समजते इथं?"

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "घ्या, बाईले चहाच्या पुढचं काम भेटलं!"

सगळे हसले. मी पण हसले. खरं सांगते, आत फुलून गेले होते.

दोन दिवस फिरलो. पुढं मी, हातात चुन्याची बादली आणि कुंचा. सोबत जाऊबाई. मी पांढरा पट्टा ओढला की मागून नाकेदार घणानं ठसा मारायचा आणि वहीत नंबर लिहायचा. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. कंबरेखाली हात पोचेल तिथं खरवडायचं, पाहायचं, पुढं. धावडे मी बरोबर ओळखले, सालई बरोबर ओळखली, जिती होती ती सोडली. मग मोह लागले. जो खरवडावा तो आत भुरका. मेला, हाही मेला, तोही मेला.

नाल्याशी आलो तर जाऊबाई आपल्या मोहाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"याले नोको लावू वं."

"बाई, पाहा न, आत काईच नाई राह्यलं."

"वर खरवड. फांदीवर. बुडाशी काय पाहून राह्यली?"

"वर कोण चढते? तुमी चढता?"

"माया गुडघा धड असता तं तुले पुसलं असतं का मी?"

मागून नाकेदार म्हणाला, "काऊन बाई, घरचं झाड आलं तं हात थांबला का?"

ते मला झोंबलं. उद्या समितीत म्हणतील, बाईला काम दिलं आणि तिनं जावेचं झाड राखलं. मी जाऊबाईंना हाताला धरून बाजूला केलं. हो, हाताला धरून. आणि दोन्ही मोहांवर पट्टे ओढले, बाकीच्यांपेक्षा रुंद. यादीखाली मोठ्या अक्षरात सही केली.

पंधरा दिवसांनी तोड सुरू झाली. दुसऱ्या सकाळी जाऊबाई माझ्या दारात. नाल्याच्या अलीकडचा एक मोह पडला होता, त्याच्या वरच्या फांदीची साल त्यांनी आणली होती. माझ्या तळहातावर ठेवली. आतून हिरवी. पांढरा चीक माझ्या बोटांना चिकटला.

"बुडाशी आपणच जाळतो वं दरसाल," त्या म्हणाल्या. "तिथली साल करपन नाई तं काय होईन?"

मला हे माहीत नव्हतं का? मी स्वतः इतकी वर्षं काडी लावत आले. ती काळी साल रोज पाहिलेली. पण बादली हातात आल्यावर मला फक्त बादली दिसली.

पळत नाकेदाराकडं गेले. म्हटलं, "थांबवा. मी चुकली. तसं लिहून देतो."

"यादी वर गेली बाई. खाली तुमचीच सही हाय."

"मोह जिते हायेत!"

"जित्या झाडावर ठसा मारला म्हणून मी लिहू? नोकरी जाईन माही. अन् मोहाले कोण पुसते? तिथं साग लागणार हाय."

म्हणजे वरची फांदी पाहायची गरज त्यालाही नव्हती. संध्याकाळपर्यंत जाऊबाईंचे दोन्ही मोह आडवे झाले, आठवड्यात बाकीचे.

त्या साली पाऊस बरा झाला. श्रावणात मोहांच्या बुंध्यांना तांबूस फुटवे आले. बायका माझ्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या, "मेलेल्याले पानं फुटले वं माय!" मी आतून ऐकायची.

फुटवे राखले असते तर पुन्हा झाडं झाली असती. पण सागाचे खड्डे खणणारे आले आणि फुटवे छाटत निघाले. सागाच्या ओळीत मोह चालत नाही म्हणे. जाऊबाई आपल्या एका बुंध्यावर जाऊन बसल्या आणि उठल्याच नाहीत. दुसरा तोवर गेला होता. मी कुंपणाला बाभळीचे काटे घेऊन गेले.

"ठेव तिथं," त्या म्हणाल्या. त्या दुखऱ्या गुडघ्यानं त्यांनी एकटीनं कुंपण केलं. मला हात लावू दिला नाही.

साग पहिल्या दोन उन्हाळ्यांत बराचसा वाळला. जाऊबाईंच्या बुंध्यावर मात्र तीन खोडं वाढली, आता आता कुठं फुलं यायला लागली. त्या बुडाशी काडी लावत नाहीत. पाला टोपल्यांनी उचलून लांब टाकतात. मग वाकून वाकून फुलं वेचतात, एकट्या.

परवा फागुनात मी तिकडून जात होते. एक फूल माझ्या पायाशी पडलं. सवयीनं वाकले, उचललं.

"आधी खरवडून पाह्य," त्या म्हणाल्या. "मेलं असन."

मी हसले, मला वाटलं त्याही हसतील. त्या वेचत राहिल्या. मी फूल होतं तिथंच ठेवलं आणि घरी आले.