अक्काच्या अंगणात बसवलेला अँटी-रोल बार

पंचमीला बहिणीला माहेरी आणायला जो भाऊ जातो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. शिदोरी न्यायची, सासरच्या माणसांना विचारायचं आणि बहिणीला घेऊन यायचं, एवढंच त्याचं काम. मी मात्र शिदोरीसोबत मागच्या सीटवर एक जाडजूड लोखंडी दांडा आडवा टाकून निघालो. आई अंगणातल्या लिंबाला झोका बांधून घेत होती. तिथूनच ओरडली, "अरे, पोरीची पिशवी कुठं ठेवशील?"

"येताना हा दांडा गाडीखाली असणार आहे," मी म्हटलं.

दांडा म्हणजे मागचा अँटी-रोल बार. माझी गाडी दिसायला लहान, पण टर्बो इंजिनाची आणि तापट डोक्याची. सरळ रस्त्यावर हिच्या नादी लागू नये. वळण आलं की मात्र बाईसाहेब एका कुशीवर कलंडतात. हा बार मागच्या दोन्ही चाकांना एकमेकांशी घट्ट जोडून ठेवतो, त्यामुळे ते कलंडणं कमी होतं. कंपनी तो देत नाही, वेगळा मागवावा लागतो. परभणीतल्या कुठल्याही गॅरेजात तो बसला असता. पण आप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, जीप-दुरुस्तीच्या गॅरेजात अक्का आणि मी एकाच गाडीखाली लोळून मोठे झालो. पाना तिच्या हातात, बॅटरी माझ्या. आप्पा गेले, गॅरेज बंद झालं, अक्का राणीसावरगावला नांदायला गेली. गेल्या काही पंचम्या तर ती आलेलीच नाही. कधी फवारणी आडवी आली, कधी पाहुणे. बारच्या निमित्ताने का होईना, यंदा ती शेजारच्या सीटवर बसून घरी यावी, एवढीच माझी इच्छा होती.

तुम्ही जाणार असाल तर परभणी सकाळी लवकर सोडा. गंगाखेडपर्यंत मोठी वळणं नाहीत, फक्त मधेच आडवे येणारे ट्रॅक्टर सांभाळा. गोदावरी गढूळ पाण्याने भरून चालली होती. पूल ओलांडून गंगाखेडात चहा-भजी उरकली. पेट्रोलही इथंच भरून घ्यावं. पुढे टेकड्या लागतात, दोन्हीकडे हिरवंगार सोयाबीन आणि वळणांमागून वळणं. माझ्या शिदोरीचा डबा या दारापासून त्या दारापर्यंत येरझारा घालत होता.

अक्काच्या घरी पोचलो आणि ओसरीवरच सगळं कळलं. तिच्या सासूबाई बाजेवर बसल्या होत्या, उजव्या हाताला प्लास्टर. गोठ्यात पाय घसरला होता. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "बापू, औंदा बी जमत न्हाई रे."

"फोनवर का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आला असतास का?"

मी शिदोरीचा डबा ओसरीवर ठेवला. मावशीच, म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणाल्या, "जा की गं दोन दिस. मी बघते हितलं."

"एका हातानं म्हस पिळताव का?" अक्का म्हणाली आणि विषय संपला. मग माझ्याकडे वळून, "दांडा कुठाय? आण."

बाभळीचे दोन रुंद ओंडके मांडून त्यांवर मागची चाकं चढवली, पुढच्या चाकांना दगड लावले आणि दोघं खाली शिरलो. आप्पांची पान्यांची पेटी मी नेलीच होती. मी बार उलटा धरला. "बाक वर पायजे," अक्का म्हणाली, "न्हाई तर पयल्याच गतिरोधकाला खरडंल." बोल्ट आधी नुसते अडकवले, बार मधोमध आणला, मग सतरा नंबरच्या पान्याने तिने एकेक आवळत नेला. बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, कपाळावर ग्रीस. बाहेरून मावशींचा आवाज आला, "पाव्हणे, मुराळी हाव का मिस्तरी?" अक्का खालीच इतकी हसली की पाना माझ्या छातीवर पडला. किती दिवसांनी तिचं ते हसणं ऐकलं.

पिठलं-भाकरी खाऊन चाचणी घ्यायला निघालो. किल्ली तिने न विचारता घेतली. पदर खोचला आणि टेकड्यांमधल्या वळणांवर गाडी अशी नेली की मागे परत ठेवलेला रिकामा डबा जागचा हलला नाही. "बसली बघ रस्त्याला," ती म्हणाली. वळणं संपली, पुढे गंगाखेडचा सरळ रस्ता दिसायला लागला. तिने गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही.

"असंच सरळ जावं वाटायलंय," ती म्हणाली. "आईनं झोका बांधला आसंल."

"बांधलाय."

तिने आरशात मागचा रस्ता पाहिला. मग तिने गाडी वळवली.

निघताना मी पेटी भरत होतो तेव्हा तिने सतरा नंबरचा पाना काढून घेतला. "थोडी चालली की बोल्ट सैल व्हतेत, परत आवळावं लागतंय. मी येते आवळायला. मावशींचा हात सुटू दे." पाना तिने पदराखाली धरून ठेवला होता, जणू मी मागून घेणार होतो.

घरी पोचलो तर आई भाकरतुकडा घेऊन दारातच उभी. गाडीचं डावं दार तिनेच उघडलं. आत नुसता रिकामा डबा होता. मी प्लास्टरचं सांगितलं, पान्याचंही सांगितलं. तिने भाकरतुकडा माझ्यावरूनच ओवाळून टाकला.

बार कसा आहे, असं विचाराल तर पैसे वसूल. गाडी आता वळणावर हट्टाने सरळ राहते. काही दिवसांनी मात्र मागून बारीक टकटक यायला लागली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दोन मिन्टाचं काम हाय, आवळून देतो."

मी म्हटलं, "नको. पाना बहिणीकडं आहे."

"आमच्याकडं लय पाने हायेत की ओ!"

ते मला माहीत होतं. गाडी घरी आणून लिंबाखाली लावली. तेव्हापासून ती तिथंच उभी आहे, आणि पंचमी होऊन गेली तरी आईने झोका सोडू दिलेला नाही.